नखीची कड

मेंडोलिनचा सूर फार लवकर विरतो. सतारीची तार एकदा छेडली की मींड घेत चार स्वर फिरून येता येतं. मेंडोलिनची तार आखूड, तारगहाणापासून घोडीपर्यंत जेमतेम ३५ सेंटिमीटर, आणि आठ तारांचा मिळून ताण ८० किलोच्या घरात. सूर खणखणीत उठला आणि गेला. जे सांगायचं ते आघातातच सांगून घ्यायचं, नाहीतर नखी झरझर खालीवर फिरवत तोच सूर तेवता ठेवायचा. दोन्हीकडे सगळा भार त्या इवल्याशा तुकड्यावर. चांगल्या मेंडोलिनसाठी वर्षानुवर्षं पैसे साठवणारी माणसं नखी मात्र दुकानदार देईल ती उचलतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बजाजनगरात वाद्याची पेटी खांद्याला लावून निघालो की हमखास कुणीतरी विचारतं, "बेंजो का?" आपल्याकडे बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. जपानमध्ये १९१२ साली नागोयात निघालेल्या ताइशोगोतोचा हा वंशज. त्याला कर्णे जोडून महाराष्ट्राने मिरवणुकीचं वाद्य करून टाकलं. वाळूजच्या कारखान्यांसाठी गावोगावाहून येऊन वसलेल्या आमच्या वस्तीत बेंजो पार्टीचा सूर सगळ्यांच्या कानात आहे, माझ्याही. ढोल-ताशांच्या वर सूर काढायचा तर नखी कडक लागते आणि आघात सरळ. माझ्या उजव्या मनगटाला पहिलं वळण तिथलंच.

मेंडोलिनची ओढ मात्र रेडिओने लावली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर लहान वयात मेंडोलिन वाजवतच मुंबईच्या संगीतक्षेत्रात शिरले. आणि सज्जाद हुसेन! 'संगदिल'चा (१९५२) हा संगीतकार या पडद्यांच्या वाद्यावर मींड काढायचा, राग उलगडायचा. पुढे यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी विजेवरचं, पाच एकेरी तारांचं मेंडोलिन घेतलं. जोडतारा गेल्या की गमक घेणं सोपं होतं. सज्जादसाहेबांनी ते काम जोडतारांवरच केलं. त्यांची ध्वनिमुद्रणं मी आजही डावा हात विसरून फक्त आघातांसाठी ऐकतो. कितीतरी ठिकाणी ते तार छेडतच नाहीत, मागच्या आघाताच्या उरलेल्या जिवावर पुढचा स्वर सरकवतात.

माझं पहिलं मेंडोलिन प्लायवूडचं, सपाट पाठीचं. त्यावर कुठलीही नखी जवळजवळ सारखीच वाजे. दुसरं एका कारागिराने हाताने कोरलेलं: तबली स्प्रूसची, पाठ मेपलची. त्याचा घुमट लाकूड वाकवून केलेला नाही, तासून काढलेला आहे. मध्ये साडेचार-पाच मिलिमीटर, कडेकडे तीनच्या आसपास. तासता तासता कारागीर बोटाने ठोकून ऐकत राहतो. व्हायोलिन समोर ठेवून मेंडोलिन कोरण्याची ही रीत अमेरिकेत कालामझूच्या ऑर्व्हिल गिब्सनने रुजवली आणि १९२०च्या दशकात लॉइड लोअरच्या देखरेखीखाली निघालेल्या एफ-५ने ती कळसाला नेली. मेंडोलिनवादक बिल मन्रोने पुढे अनेक वर्षं जवळ केलेल्या वाद्याच्या चिठ्ठीवर लोअरची ९ जुलै १९२३ची सही आहे. अशा कोरीव वाद्यात नखीचं काहीच लपत नाही. तिचा पदार्थ, जाडी, घासणी, सगळं बाहेर येतं.

इथे वाळूज माझ्या मदतीला आलं. नोकरी टूलरूममधली. लेथच्या आसपास नायलॉन, डेल्रिन, हायलम, पॉलिकार्बोनेट यांचे तुकडे पडलेले असतात. बाहेर नख्या म्हणून विकले जाणारे यांतले काही पदार्थ आमच्याकडे बुश आणि वॉशर करायला येतात. डेल्रिन निसरडं. तारेवरून सुळकन जातं, झरझर वाजवायला उत्तम, पण घामेजल्या बोटांतूनही निसटतं. म्हणून मी त्यावर आडव्या रेघा पाडतो. नायलॉन पातळ केलं की वाकतं, मग जोडीतल्या दोन तारा एकदम न वाजता मागेपुढे वाजतात. कापडी हायलम टणक, पण काही दिवसांनी कडेचे धागे सुटतात आणि तारेवर खरखर येते. जाडी मला दीड मिलिमीटरच्या आसपास मानवते.

पण जाडीपेक्षा कड महत्त्वाची. कड उभी ठेवली तर सूर चमकतो, मात्र त्याच्याआधी नखीची टकटक कानावर येते. कड गोल केली की वरचा चिरका अंश गळतो आणि लाकूड बोलायला लागतं. आकार ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर, मग १०००, मग २०००, शेवटी जुन्या जीन्सच्या कापडावर. दोन्ही अंगांचा उतार सारखा ठेवू नये. माझी नखी तारेला किंचित तिरपी लागते, त्या अंगाला मी जास्त घासतो. दुसऱ्याच्या हाताला हीच नखी चालेल असं मुळीच नाही.

जुने वादक कासवाच्या कवचाच्या नख्यांची आठवण काढतात. ते हॉक्सबिल कासव आज आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि तिथे ते असायलाच हवं. सरोदवाल्यांचा जवा नारळाच्या करवंटीचा असतो. देवघरातल्या नारळाची जून करवंटी कानशीने सपाट करून मी तशी नखी केली. फार पातळ केली तर टोक उडतं. पण नीट जमली की विलंबित आलापाला तिच्यासारखी दुसरी नाही. टकटक जवळपास नाहीशी होते.

मोसमही पाहावा लागतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, तबली किंचित बसते, तारा पडद्यांवर खरखरतात. वाद्याला ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते, म्हणून एप्रिल-मेमध्ये पेटीत भोकांच्या डबीत ओला स्पंज ठेवतो. पावसाळ्यात तबली फुगते, तारा उंचावतात, सूर दबतो. तेव्हा करवंटी बाजूला ठेवून उभ्या कडेचं डेल्रिन काढतो. आषाढीला आमच्या इथल्या छोट्या पंढरपुरात यात्रा भरते, त्या दिवसांत पखवाज-टाळांच्या साथीला अभंग वाजवायचा झाला तर तीच नखी पोचते.

गणपती जवळ आले की गल्लीतली बेंजोवाली पोरं नख्या मागायला येतात. त्यांच्यातल्या एकाला माझी गोल कडेची करवंटी फार आवडली. मिरवणुकीत चालेल का, म्हणाला. नाही चालणार. कर्ण्यातून तिचा सूर ढोलांखाली बुडेल. त्याला मी दोन मिलिमीटरच्या हायलमची, टोक काढलेली, कड अजिबात न मोडलेली नखी करून दिली, आणि धागे सुटले की कुठल्या अंगाने घासायची ते दाखवलं.