नांगराची निशाणी

आजोबांचे नाव सर्वांस ठाऊक असते. पणजोबांचे नाव घरातील वडीलमाणसास विचारावे लागते. त्यापलीकडचे नाव विचारले, म्हणजे बहुधा सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. श्राद्धविधीतही पिता, पितामह आणि प्रपितामह या तीनच पिढ्यांचा नामोच्चार होतो. ज्यांनी माळरान मोडून शेत केले, विहीर खणली, दुष्काळात लेकरे जगविली, त्यांची नावे शंभर-सव्वाशे वर्षांत त्यांच्याच घरातून नाहीशी व्हावीत, ही मोठी विलक्षण गोष्ट आहे.

राजकुळांची गोष्ट निराळी. छत्रपती संभाजीनगराजवळच वेरूळ आहे. तेथील पाटीलकी सांभाळणारे मालोजीराजे भोसले हे शिवछत्रपतींचे आजोबा. त्यांच्या कुळाची हकिगत बखरकारांनी लिहिली, इतिहासकारांनी तपासली. परंतु त्याच वेरुळात, त्याच काळी नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याचे नाव कोठे शोधावे?

असे एखादे नाव कधी कधी तीर्थक्षेत्री भेटते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वह्या असतात. त्यांना नामावळी म्हणतात. यात्रेकरू आला, की उपाध्याय प्रथम त्याचे आडनाव आणि मूळ गाव विचारतात. मग त्या गावची वही निघते. पाने उलटता उलटता बोट एका ओळीवर थांबते आणि उपाध्याय वाचू लागतात : अमक्याचा मुलगा अमका, त्याचे बंधू दोन, मुलगे तीन. ऐकणारा वृद्ध शेतकरी प्रथम वडिलांचे नाव ओळखतो, मग आजोबांचे; आणि त्यानंतर जे नाव येते, ते त्याने जन्मात ऐकलेले नसते. तरी नकळत त्याचे हात जोडले जातात. निघण्यापूर्वी त्याच्या नातवंडांची नावेही तेथेच लिहिली जातात.

ख्रिस्ती समाजात हे काम चर्चच्या वह्यांनी केले. इंग्लंडात १५३८ साली प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी, असा हुकूम निघाला. गोव्यातील कित्येक कुटुंबे आपले पूर्वज अशाच वह्यांतून शोधतात.

मराठवाड्यात मात्र या शोधाच्या वाटेवर एक आडवा डोंगर आहे. १९४८ पर्यंत येथे निजामाची राजवट होती. तिच्या कारभाराची भाषा आधी फारसी व नंतर उर्दू होती. मराठी माणसांचे घरगुती कागद बहुधा मोडीत असत. मोडी लिहिणारा आधी वर रेघ ओढी आणि मग बोरू फारसा न उचलता भराभर लिहीत जाई. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्दांमध्ये मोकळी जागाही सोडलेली नसते. त्यामुळे पणजोबांचा कागद पणतूच्या हाती येतो, पण त्यातले अक्षर त्यास लागत नाही! २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी जातीच्या जुन्या नोंदींचा शोध हाती घेतला. तेव्हा कचेऱ्यांतील जुनी दप्तरे सुटली आणि मोडी व उर्दू जाणणाऱ्यांची एकाएकी गरज भासू लागली. जातीचा दाखला मिळणे न मिळणे हे एखाद्या जीर्ण पानावरील एका शब्दावर येऊन ठेपले.

आता जुन्या कागदांची छायाचित्रे संगणकावर पाहता येतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या कित्येक वह्याही अशा रीतीने जतन झाल्या आहेत. वाळवीचे भय त्यामुळे कमी झाले. परंतु पान समोर आले, तरी ते वाचणारा लागतोच.

आणि सर्व वाचून झाले, तरी काही जागा रिकाम्याच राहतात. ज्याला जमीन नव्हती, त्याचे नाव जमिनीच्या दप्तरात नाही. ज्याला तीर्थयात्रा परवडली नाही, त्याचे नाव उपाध्यायांच्या वहीत नाही. वंशवृक्षांत तर बहुतेक ठिकाणी मुलगेच आहेत. त्यांना जन्म देणाऱ्या माता आणि त्यांच्या बहिणी कोठेच नाहीत. क्वचित एखाद्या जुन्या कागदाच्या तळाशी त्यांची खूण आढळते. लिहिता न येणारा शेतकरी सहीऐवजी नांगराची निशाणी करी, आणि स्त्रीची निशाणी बांगडी असे. नांगराने घर पोसले आणि बांगडीच्या हाताने ते उभे ठेवले, एवढे तरी त्या कागदाने जपले आहे.

पणजीचे नाव आज एखाद्या आजीच्या ओठांवर आहे. तिच्या माहेरचे गाव, तिच्या आईचे नाव, हेही तिला आठवते. ते विचारून घेण्यास मोडी शिकावी लागत नाही, दूरचा प्रवासही करावा लागत नाही. एक वही, एक लेखणी आणि आजीजवळ बसण्यास एक निवांत संध्याकाळ पुरेशी आहे.