लपविलेला सदरा

परवां दिवाळीच्या साफसफाईच्या निमित्तानें माळ्यावरील पत्र्याची ट्रंक खालीं उतरविण्याचा योग आला, आणि तिच्या तळाशीं एक राखाडी रंगाचा, लहान मापाचा सदरा सांपडला. आमच्या चिंचवडच्या घरांत आजवर पुष्कळ वस्तु आल्या आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवरून निघून गेल्या. हा सदरा मात्र कोणीं टाकून दिला नाहीं. त्याचा मूळचा रंग राखाडी नव्हे. तो शाळेच्या गणवेषाचा पांढराशुभ्र सदरा होता, आणि तो राखाडी कसा झाला ही हकीकत सांगतांना आमच्याच पदरीं थोडा अपराध येतो. तो कबूल करण्यास आतां हरकत नाहीं. ज्याचा तो सदरा, तो आमचा मुलगा आज चाकणच्या बाजूस एका कारखान्यांत नोकरीस असून स्वतःच्या मुलीच्या फ्रॉकांवरील डागांची चिंता वाहत आहे.

डागांच्या बाबतींत आमचें हें नगर मोठें संपन्न आहे. पूर्वीं चिंचवड म्हटलें म्हणजे मोरया गोसावींची समाधि आणि पवनेचा घाट डोळ्यांपुढें येई. 1954 सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, 1962 सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पुढें भोसरीपासून आकुर्डीपर्यंत मोटारी, स्कूटरी व त्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांच्या रांगा लागल्या. पुण्याच्या पेठांतील मुलांच्या कपड्यांवर शाई आणि आमरस यांचे डाग पडत असतील. आमच्याकडे त्यांत वंगणाची भर पडे. पहिल्या पाळीहून बाप घरीं आला कीं मूल धांवत जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारणार, बाप तें उचलून घेणार, आणि फ्रॉकाच्या पाठीवर पांच बोटें स्वच्छ उमटणार! "अहो, आधीं हात तरी धुवा!" हें वाक्य आमच्या आळींत दररोज साडेतीनच्या सुमारास दहा घरांतून ऐकूं येई.

आमच्या घरीं डागांचें खातें सौभाग्यवतीच्या मावशींकडे होतें. त्या मूळच्या सोलापूरकडील. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. रसायनशास्त्र हा शब्द त्यांनीं कधीं उच्चारल्याचें आम्हांस आठवत नाहीं, पण त्या शास्त्राचा व्यवहार त्यांच्या हातांत होता. हळदीच्या डागाला साबण लावतांच तो कुंकवासारखा लाल होतो आणि नवखी गृहिणी घाबरून जाते. मावशी घाबरत नसत. हळदींतील रंगद्रव्य क्षारांत लाल होतें. हळदीला क्षार देऊनच पूर्वीं कुंकू करीत. तें द्रव्य उन्हांत मात्र टिकत नाहीं. म्हणून मावशी कपडा धुऊन ओलाच उन्हांत टाकीत, आणि दोन उन्हें खाल्लीं कीं डाग ओळखूं येत नसे. गुडघा फुटून चड्डीला लागलेलें रक्त थंड पाण्यांतच भिजवावयाचें. ऊन पाणी घातलें कीं अंड्यांतील पांढरा बलक जसा घट्ट होतो तसें रक्तांतील प्रथिन धाग्यांत थिजून बसतें. जुन्या निळ्या-काळ्या शाईला लिंबू आणि मीठ, बॉलपेनच्या शाईला स्पिरिट, तेलकट डागावर आधीं खडूची पूड आणि मग साबण, असे त्यांचे ठरीव उपचार असत. केळीच्या चिकाला आणि बिब्ब्याला मात्र त्या हात जोडीत. ज्या बिब्ब्यानें परीट कपड्यांवर खुणा करीत आणि ज्याची खूण कपडा विरेपर्यंत पुसली जात नसे, त्याच्याशीं भांडण्यांत शहाणपण नाहीं असें त्यांचें मत होतें.

या साऱ्या उपायांना मावशींची एकच अट असे: डाग ताजा पाहिजे. जांभळाचा किंवा चहाचा डाग पहिल्या तासांत पुष्कळसा नुसत्या पाण्यानें निघून जातो; तोच चार दिवसांनीं धाग्याशीं एकजीव झालेला असतो. खाण्याचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून हळूहळू चिकट होतें आणि मग साबणाला दाद देत नाहीं. तेव्हां साबण कोणता, लिंबू किती, हे प्रश्न दुय्यम होत. कपडा मोरीवर किती लवकर पोंचतो हा खरा प्रश्न. आणि मुलांचा कपडा किती लवकर पोंचतो हें सर्वस्वीं मुलांच्या हातीं असतें. ही गोष्ट आम्हांस मावशींकडून नव्हे, तर फार महागांत शिकावी लागली.

1991 सालचा पावसाळा होता. चिरंजीव नऊ वर्षांचे. गणवेषाचे दोन सदरे होते, तेहि पिंपरी कॅम्पांतून, फाळणीनंतर येथें येऊन वसलेल्या सिंधी व्यापाऱ्यांपैकीं एकाच्या दुकानांतून, दोन वर्षें पुरतील अशा सैल मापाचे घेतलेले. शाळेंत दर सोमवारीं कपड्यांची तपासणी होई आणि ज्याच्या सदऱ्यावर डाग त्यास रांगेबाहेर उभें करीत. त्यांतच पंधरा दिवसांपूर्वीं जांभळाच्या डागावरून आम्हीं त्याला चांगलेंच फैलावर घेतलें होतें. "पैसे काय झाडाला लागतात?" हा बापमंडळींचा पिढीजात प्रश्नहि आम्हीं विचारला होता. त्याचें उत्तर नऊ वर्षांच्या मुलानें काय द्यावें?

एके दिवशीं शाळेंतून येतांना सायकलीची चेन पडली. त्यानें ती स्वतःच बसविली, हें खरें म्हणजे कौतुकाचें काम. आणि सवयीप्रमाणें हात सदऱ्याला पुसले. घरीं आल्यावर त्यानें तो सदरा काढला, गुंडाळी करून माळ्यावरील ट्रंकेच्या मागें कोंबला आणि कोणाला कांहीं बोलला नाहीं. पुढें आठ-नऊ दिवस तो उरलेला एकच सदरा घालून शाळेंत जात होता. सारीं निजल्यावर तो तोच सदरा नळाखालीं धूत असे आणि सकाळीं, पावसाळ्याच्या त्या दमट हवेंत जसा असेल तसा, अंगांत घालीत असे. आमच्या हें लक्षांत आलें नाहीं. रोज धुतलेला सदरा पाहून आम्हांस उलट समाधानच वाटलें असावें.

नवव्या दिवशीं तो तापानें फणफणला. शाळेंतून आल्या आल्या निजला होता. सौभाग्यवतीनें पाठीवर हात ठेवला तों सदरा ओलसर लागला. तिनें विचारलें, आणि त्यानें सारें सांगून टाकलें. आम्ही दाराशींच उभे होतों. सांगून झाल्यावर तो आईला म्हणाला, "बाबांना सांगूं नको."

ताप तीन दिवसांत उतरला. तें वाक्य मात्र आमच्या कानांतून अजून गेलेलें नाहीं.

सदरा माळ्यावरून निघाला तेव्हां त्याच्या उजव्या अंगास काळा पट्टा आणि त्याभोंवती तपकिरी कड होती. चेनच्या वंगणांत झिजलेल्या लोखंडाचा बारीक कीस मिसळलेला असतो. ओल लागून तो गंजला होता. मावशींनीं रॉकेलाचा बोळा फिरवून, मग साबण लावून काळें वंगण पुष्कळ काढलें. गंजासाठीं लिंबू-मीठ चोळून सदरा उन्हांत टाकावयाचा; पण श्रावणांतलें ऊन तें, तासभर येई आणि जाई. डाग फिका झाला, गेला नाहीं. येथें आमच्यांतील सुशिक्षित माणूस जागा झाला. सदरा पूर्ववत् पांढरा करून मुलापुढें ठेवावा म्हणजे झाल्या गोष्टीची भरपाई होईल, असें आमच्या मनानें घेतलें होतें. आम्हीं कोणाला न विचारतां रात्रीं ब्लीचिंग पावडरचें चांगलें दाट पाणी केलें आणि सदरा त्यांत बुडवून ठेवला. त्या पावडरीनें गंज जात नाहीं, उलट पक्का होतो, आणि सुती धागा कुजतो, हें ज्ञान आम्हांस सकाळीं प्राप्त झालें. डाग जागच्या जागीं होता. त्याच्या मधोमध चार आण्याएवढें भोंक पडलें होतें. आणि गंमत अशी कीं, आतां तो सदरा मावशींपासून कोठें लपवावा, हा पहिला विचार आमच्या मनांत आला!

मावशींनीं तो पाहिलाच. त्या रागावल्या नाहींत. "जावईबापू, एवढासा डाग निघत नसेल, तर सगळ्या सदऱ्यालाच डाग पाडूं या," एवढेंच म्हणाल्या, आणि आम्हांस कारखान्यांतून मूठभर गंजलेले खिळे आणावयास सांगितलें. ते खिळे गुळाच्या पाण्यांत, चिनी मातीच्या बरणींत पंधरा दिवस मुरत पडले. दरम्यान डाळिंबाच्या सालीं वाळवून ठेवल्या. मग एके रविवारीं सालींचा काढा करून सदरा त्यांत उकळला, पिळला आणि बरणींतील गाळलेल्या पाण्यांत बुडविला. पाहतां पाहतां पिवळट कापड राखाडी, मग गडद राखाडी झालें. आंध्रांतील कलमकारीचे कारागीर काळा रंग असाच लोखंड आणि गूळ मुरवून करीत आले आहेत. सालींतील तुरट द्रव्य आणि लोह यांच्या संयोगानें होणारा हा काळेपणा म्हणजे जुन्या शाईचाच काळेपणा होय. ज्या लोखंडानें सदरा नासविला होता त्यासच मावशींनीं चाकरीला लावलें. जुना डाग प्रथम इतरांहून काळा दिसला. दुसऱ्या बुडवणींत तो आसपासच्या रंगांत मिसळून गेला. भोंकाला सदऱ्याच्याच खालच्या दुमडीतील तुकड्याचें ठिगळ आंतून लागलें. चिरंजीव काठीनें पातेलें ढवळीत होते. "मावशीआजी, मुद्दाम घाण केला तर चालतो होय?" असें त्यानें विचारलें. मावशी म्हणाल्या, "सगळ्यांना सांगून केला तर चालतो."

तो सदरा गणवेष म्हणून बाद झाला, पण दर रविवारीं अंगावर असे. नवा गणवेष घ्यावा लागला; झाडाला न लागणारे पैसे कोठून तरी आले. घरांत एक कायदा मात्र झाला कीं, डाग पडल्याचें त्याच दिवशीं सांगणाऱ्यास कोणीं रागें भरावयाचें नाहीं. हा कायदा पुढील वर्षभरांत आम्हींच दोनदां मोडला आणि दोन्ही वेळां मावशींनीं आमच्याकडे नुसतें पाहिलें.

पुढें मावशींच्या हातून असे किती कपडे वांचले त्याची मोजदाद नाहीं. भाचीच्या फ्रॉकावरील कैरीच्या चिकाच्या डागावर त्यांनीं हिरव्या दोऱ्याची कोयरी भरली, ती इतकी बेमालूम कीं दुसऱ्या बाजूसहि तशीच कोयरी भरून द्या असा भाचीनें हट्ट धरला. जे अगदींच हाताबाहेर गेले ते गोधडींत गेले. आमच्याकडे नवजात बालकाला पहिलें झबलें जुन्या, मऊ झालेल्या कापडाचें शिवण्याची चाल आहे. तेव्हां जुनें वस्त्र म्हणजे टाकाऊ वस्त्र हा हिशेब मावशींना कधीं पटला नाहीं. बोहारणीला एक पातेलें घेऊन दहा कपडे देणें त्यांच्या जिवावर येई. भंगारवाल्याकडे गेलेलें सुती कापड या आमच्या नगरांत पुन्हां चिंध्या होऊन कारखान्यांत जातें आणि यंत्रांचें वंगण पुसतें, हें आम्हीं त्यांना सांगितलें तेव्हां त्या पोट धरून हंसल्या होत्या. 2005 पासून एका धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातींत डाग चांगले असतात असें सांगूं लागले; तें ऐकून मावशी म्हणाल्या, "यांना चांगलेच असणार!"

मावशी जाऊन आतां बरींच वर्षें झालीं. परवां तो सदरा ट्रंकेंतून निघाला तेव्हां मुलगा, सून आणि सात वर्षांची नात दिवाळीसाठीं आलेलीं होतीं. नातीनें सदरा उलगडला, आंतील ठिगळावरून बोट फिरविलें आणि हा कोणाचा म्हणून विचारलें. तिचा बाप हंसला, पण कांहीं सांगूं लागला नाहीं. आम्हीहि सांगूं लागलों नाहीं. त्याच संध्याकाळीं घर पाहुण्यांनीं भरलेलें असतांना ती अंगणांतून धांवत आंत आली. नव्या परकरावर पणतींतील तेलाचा हातभर ओघळ होता. बसलेल्या चार वडील माणसांची पर्वा न करतां ती दारांतूनच ओरडली, "बाबा, डाग पडला, मोठ्ठा!"

तिचा बाप हातांतील फराळाची बशी तशीच ठेवून पावडरचा डबा आणावयास उठला होता.