खरेदीखतातली अट

सिएटलच्या उत्तरेला, प्युजेट साउंडच्या काठावर इनिस आर्डन नावाची वसाहत आहे. उंच झाडं, उतारावरची ऐसपैस घरं, समोर पाणी. ही जमीन विमानवाल्या विल्यम बोईंगची. १९४०च्या दशकात तिथे प्लॉट पाडले गेले, तेव्हा खरेदीखतांना एक अट जोडलेली होती. गोऱ्या वंशाच्या माणसाशिवाय कुणालाही प्लॉट विकायचा नाही, भाड्याने द्यायचा नाही, आणि तिथे गोऱ्यांशिवाय कुणी राहायचंही नाही. अपवाद एकच, गोऱ्या मालकाच्या घरी कामाला असलेल्या नोकराचा.

त्या अपवादापाशी मी दर वेळी थांबते. काळ्या बाईने तिथल्या मुलांना न्हाऊमाखू घालावं, रात्री तिथेच झोपावं, कुणाची हरकत नाही. तिने स्वतःच्या पैशाने शेजारचं घर घेतलं की करार मोडला! बरोबरी तेवढी नको होती, दुसरं काही नाही.

हे कागद उजेडात आणले युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या विद्यार्थ्यांनी. प्रा. जेम्स ग्रेगरी यांच्या मार्गदर्शनाखाली वीसेक वर्षांपूर्वी सिएटलच्या नागरी हक्क आणि कामगार चळवळींच्या इतिहासाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात मुलांनी जुनी खरेदीखतं शोधून, वाचून कोणत्या वस्तीत कोणती अट होती याची यादी केली. काम कंटाळवाणं, नजर शिणवणारं. पण त्यातून शहराचा नकाशा उलगडत गेला. काही ठिकाणी विकासकाने अट घातली होती, तर कॅपिटल हिलसारख्या भागात शेजाऱ्यांनीच घरोघर जाऊन सह्या गोळा केल्या होत्या. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की न्यायालयं अशा अटींची अंमलबजावणी करू शकत नाहीत. अटी लिहिणं मात्र थांबलं नाही. वंश पाहून घर नाकारायला बंदी करणारा प्रस्ताव १९६४ साली सिएटलच्या मतदारांपुढे आला, तेव्हा त्यांनी तो दोनास एकाहून मोठ्या फरकाने फेटाळला. ही बंदी आली ती १९ एप्रिल १९६८ला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर पंधरा दिवसांनी. प्रस्ताव मांडला होता सॅम स्मिथ यांनी, शहराच्या कौन्सिलमधल्या पहिल्या काळ्या सदस्याने.

तोवर काळी कुटुंबं सेंट्रल डिस्ट्रिक्ट नावाच्या एकाच भागात कोंडली गेली होती. त्या भागाला कर्ज द्यायला बँका तयार नसत. बाकीच्या शहरात गोऱ्या कुटुंबांची घरं पिढी दर पिढी किंमत वाढवत राहिली. आज सेंट्रल डिस्ट्रिक्टमध्येही घरांचे भाव आभाळाला भिडलेत आणि जुन्या रहिवाशांची नातवंडं दूर दक्षिणेकडे फेकली गेली आहेत.

इथली आपली भारतीय मंडळी म्हणतात, आपण कालपरवा आलो, यात आपलं काय? मला हे पटत नाही. यातल्या कितीतरी खरेदीखतांत ‘एशियाटिक’ असाही उल्लेख आहे, म्हणजे आपण त्यात आलोच. १९०७ साली याच राज्यातल्या बेलिंगहॅममधल्या लाकूड गिरण्यांतल्या पंजाबी कामगारांना जमावाने गावाबाहेर हाकललं. भारतातून आलेले भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात टाकोमाजवळच्या कॅम्प लुईसमध्ये अमेरिकी सैनिक होते. त्यांच्याच खटल्यात १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हिंदी माणूस गोरा नाही, त्याला नागरिकत्व नाही. आणि ज्याला नागरिक होता येत नाही त्याला जमीन घेता येणार नाही, असा वॉशिंग्टन राज्याचा कायदा १९२१पासूनच होता. आज सिएटलजवळच्या बेलव्ह्यू, रेडमंडमध्ये आपण बिनदिक्कत घरं घेतो, ती वाट काळ्या माणसांनी लढून मोकळी केलेली आहे. हे ऋण मानायला हवं.

विद्यार्थ्यांचं काम वर्गात संपलं नाही, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. २०२१ साली राज्य सरकारने दोन विद्यापीठांवर राज्यभरातल्या अशा अटी शोधायचं काम सोपवलं. २०२३ साली कायदा झाला आणि मालमत्तेच्या दस्तांच्या नोंदणीवर शंभर डॉलरचं शुल्क बसलं. त्या पैशातून पहिलं घर घेणाऱ्यांना सुरुवातीच्या रकमेसाठी मदत मिळते. अट अशी की, अर्जदार किंवा त्याचे आईवडील, आजीआजोबा, पणजीपणजोबा एप्रिल १९६८च्या आधी या राज्यात राहत असले पाहिजेत आणि डावलल्या गेलेल्या समाजांपैकी असले पाहिजेत. त्या समाजांच्या यादीत काळे आणि मूळनिवासी आहेत, तसे भारतीयही आहेत.

आपल्यापैकी बहुतेकांना ही मदत मिळणार नाही, कारण आपण नंतर आलो. पण शंभर डॉलर द्यायची वेळ येईल तेव्हा कुरकुर करू नका. घर जुनं असेल तर मालकीहक्काचे कागद वाचा. त्यात अशी अट सापडली, तर ती रद्दबातल असल्याची नोंद करायचा अर्ज कौंटीच्या नोंदणी कार्यालयात भरा. त्याला फी लागत नाही.