गव्हाच्या कोठीमागची पुस्तके

बाबूराव अर्नाळकरांचे नाव आमच्या घरात वडीलधाऱ्यांसमोर घेण्याची सोय नव्हती. हरिभाऊ आपटे, खांडेकर, साने गुरुजी ही मंडळी काचेच्या कपाटात असत. झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू यांचा मुक्काम गव्हाच्या कोठीमागे, आईच्या जुन्या पातळात गुंडाळलेला. कपाटातली पुस्तके पाहुणे पाहत आणि कोठीमागची आम्ही वाचत असू.

आम्ही बडोद्याचे, पण दांडिया बाजारातले नव्हे, मकरपुऱ्याचे. वडील सत्तरीच्या दशकात इथल्या औद्योगिक वसाहतीत टर्नर म्हणून लागले आणि आम्ही कारखान्याजवळ राहायला आलो. दांडिया बाजारात मराठीवर दिवस निघे. मकरपुऱ्यात आमच्या ओळीत मराठी घर एकच. शाळा गुजराती, मैत्रिणी गुजराती, भांडणेही गुजराती. घरात मराठी बोलायचो, पण भाजीला 'शाक' म्हणायचो आणि दार बंद करायचे असले की 'दार वास' म्हणायचो. मुंबईची आत्या दिवाळीला आली की हे ऐकून बिचारी उठून दार सताड उघडी. तिच्या मराठीत वासणे म्हणजे उघडणे! थंडीत आम्ही कुडकुडत बसायचो आणि ती म्हणायची, "अगं, तूच सांगितलंस ना?"

या आत्याच्याच पिशवीतून ती पुस्तके येत. फराळाच्या डब्याखाली चार-पाच, तळहाताएवढी, मुखपृष्ठावर पिस्तूल आणि घाबरलेली बाई. अर्नाळकरांनी (१९०६-१९९६) अशी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. इतकी लिहिल्यावर सगळी चांगली कशी असतील? योगायोगांचा सुकाळ असे. खुनी कोण हे ज्या पुराव्यावरून ठरे, तो पुरावा कधी कधी वाचकाला शेवटच्या पानापर्यंत दाखवलेलाच नसे. पुढे अगाथा ख्रिस्ती वाचल्यावर मला ही लबाडी फार खुपली. तिचे सगळे पत्ते टेबलावर उघडे पडलेले असतात आणि तरीही आपण फसतो. पण अर्नाळकरांकडे एक गोष्ट होती, ती म्हणजे वेग. वाक्ये आखूड आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानावर काहीतरी भयंकर घडलेलेच. प्रकरण संपताना दिवे जात आणि अंधारात कुणीतरी हसे. अशा वेळी आईने 'जेवायला ये' म्हटले की जिवावर येई.

आणि शब्द! तळघर, भुयार, खलिता, सावज, करडा आवाज, छद्मी हास्य. आमच्या रोजच्या बोलण्यात यांतला एकही नव्हता. एकदा धाकट्या भावाने माझा पेरू पळवला, तेव्हा मी त्याला बजावले, "छद्मी हसू नकोस, तुझा डाव मी ओळखला आहे!" वडिलांनी वर्तमानपत्र खाली घेतले. पोरीला एवढी मराठी आली कुठून, या आश्चर्यात ते पेरूची चौकशी करायचे विसरले. लोकांची मराठी म्हणे ज्ञानेश्वरीवर पोसलेली असते. माझी चोर-दरोडेखोरांनी पोसली, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आईचा ओढा प्रेमकथांकडे. चंद्रकांत काकोडकर ती दुपारी दार लावूनच वाची. त्यांची 'श्यामा' ही कथा १९६२ सालच्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ साली न्यायालयाने ती अश्लील नाही असा निर्वाळा दिला. आईला हे मी खूप उशिरा सांगितले. ती म्हणाली, "मग एवढी वर्षं मी उगाच लपवली!" बाबा कदम मात्र आमच्याकडे उघडपणे चालत. कोल्हापूरकडचे ते पोलीस प्रॉसिक्यूटर, त्यामुळे त्यांच्या प्रेमात कोर्टकचेरीही येई आणि वडिलांनाही ते वाचता येत. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आला. भाऊ त्यांच्या मागे गेला. मी आपली जुन्यांचीच राहिले.

शेजारच्या काकी 'चित्रलेखा'तून हरकिसन मेहतांच्या कादंबऱ्या वाचायच्या. अमीरअली ठगाच्या कथेने तर त्यांना झपाटले होते. ओट्यावर शेंगा सोलता सोलता त्या मला ठग सांगत आणि मी त्यांना झुंजार गुजरातीत सांगे. 'काळापहाड' हे नाव भाषांतराशिवायच पोचायचे.

खरी रहस्यकथा मात्र आमच्या गावातच घडली होती. वायुदलाच्या ताब्यातला मकरपुरा राजवाडा खंडेराव महाराजांनी बांधला. त्यांच्यामागून धाकटे भाऊ मल्हारराव गादीवर आले. ९ नोव्हेंबर १८७४ ला रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, चव विचित्र लागली म्हणून उरलेले फेकले, आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत निघाले सोमल आणि हिऱ्याची पूड! सोमलाची एक पुडी पुढे रावजी हवालदाराच्या पट्ट्यात सापडली. ती शोधली मुंबई पोलिसांच्या अकबर अलीने. महाराजांचे वकील सार्जंट बॅलंटाइन लंडनहून आलेले. त्यांनी नेमके तेच धरले: पुडी सापडली, की ठेवली? सहा जणांचे कमिशन बसले. तिघा इंग्रजांनी दोषी ठरवले. शिंदे सरकार, जयपूर नरेश आणि दिनकरराव राजवाडे या तिघांना आरोप शाबीत वाटला नाही. तीनास तीन! तरी १८७५ च्या एप्रिलमध्ये गैरकारभाराच्या नावाखाली मल्हाररावांना पदच्युत केलेच. त्यानंतर दत्तक आलेला कवळाण्याचा मुलगा म्हणजे सयाजीराव. पुडीचे कोडे अजून सुटलेले नाही, आणि माझा संशय त्या पट्ट्यावरच आहे.

त्याच सयाजीरावांनी १९१० साली बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून गावोगाव वाचनालये उभारली. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या फरशीवरून चालताना मी गो. ना. दातारांची 'कालिकामूर्ती' शोधून काढली. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना असे काही मराठी कपडे चढवले आहेत की लंडनचा वासही येत नाही.

आता कोठी गेली, गहू पिठाच्या पिशवीतून येतो. नात इंग्रजी शाळेत जाते. मराठी समजते, उत्तर मात्र अर्धे गुजरातीत, अर्धे इंग्रजीत. वाचायला सांगितले की 'आजी, तूच वाच ना.' सहा महिने मीच वाचत होते. मग या उन्हाळ्यात धनंजयचे एक जुने पुस्तक काढले, दोन प्रकरणे वाचली, आणि प्रेत कपाटातून बाहेर पडले तिथे चष्मा काढून ठेवला. डोळे दुखतात, म्हटले.

दोन दिवस रुसवा झाला. तिसऱ्या दिवशी ती हिंदीच्या तासाला शिकलेल्या अक्षरांवर बोट ठेवत स्वतःच वाचू लागली. जोडाक्षरांपाशी अडते, एका पानाला अर्धा तास लागतो. आम्ही चौथ्या प्रकरणावर आहोत. खून कोणी केला ते ती रोज विचारते. मी सांगत नाही.