आधी उलटायला शिका



मागच्या उन्हाळी सुट्टीत लेकीला मुंबईतल्या एका सेलिंग क्लबात घातलं आणि तिच्या नादानं मीही नाव नोंदवलं. पहिल्या दिवशी किनाऱ्यावर वाऱ्याची दिशा ओळखायची, दुसऱ्या दिवशी दोराच्या गाठी. तिसऱ्या दिवशी पाण्यात! वाटलं, आता होडी चालवायला शिकवतील. पण सर म्हणाले, "आज होडी उलटी करायची!"

मुलं खूश, मी मात्र घाबरले. लाइफ जॅकेट होतं, तरी नाकातोंडात खारं पाणी गेलंच. पण कळलं, की होडी सोडून पोहत सुटायचं नाही, तिला धरून राहायचं. मग तिच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभं राहून भार टाकला, की ती हळूहळू सरळ होते. चौथ्यांदा जमलं आणि भीती गेली.

पुढचे धडे सोपे वाटले. सुकाण्याचा दांडा डावीकडे ढकलला, की होडी उजवीकडे वळते. थेट वाऱ्याच्या तोंडावर ती जात नाही. साधारण ४५ अंशांत तिरकं, नागमोडी जावं लागतं. गडबडलात तर शिडाचा दोर सैल सोडा, वेग कमी होतो.

तेव्हा वर्गातला एक मुलगा आठवला. चुकेल म्हणून वर्षभर तो फळ्याजवळ आलाच नाही. मी त्याला उत्तरं शिकवली. चुकल्यावर सावरायचं कसं, ते नाही.

यंदा जूनमध्ये पहिल्याच तासाला फळ्यावर मुद्दाम चुकीचं गणित मांडलं. त्याचा हात अर्धाच वर आला. पण आला!

तुमच्या वर्गात, घरात मुलांना उलटायची मुभा आहे ना?