शेवटची बांधी

मोठे बाबांनी पऱ्ह्यांची पेंडी खाली ठेवली आणि ते धुऱ्यावर बसले. रोवणीचे दिवस होते. पाठीत, खांद्यांच्या जरा खाली, कुणी दोर आवळावा तशी कळ आली म्हणाले. खिशातली खर्ऱ्याची पुडी काढली, ती उघडेपर्यंत पाय जड झाले. घरून जेवणाचा डबा येईपर्यंत पाय उरलेच नव्हते. हातांनी मांडी उचलून पाहिली, सोडली, ती चिखलात पडली. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरा, माहे पाय कुठी गेले रे?"

बांधीत उतरलेल्या माणसाचे पाय गेले की आमच्याकडे पहिलं उत्तर साप. दोघांनी पोटऱ्या धुऊन दात शोधले. एका म्हाताऱ्याने मात्र पाय सोडून पापण्या पाहिल्या. मण्यार चावली असती तर आधी पापण्या मिटायला लागल्या असत्या, बोलणं जड झालं असतं. पापण्या ठीक होत्या. म्हणजे साप नाही, तो म्हणाला. मग लकवा? पण लकवा शरीराची एक बाजू धरतो, तोंड वाकडं करतो. इथे कमरेवरचा माणूस शाबूत आणि खालचा गेलेला. उरलं काय, तर बाहेरचं. त्या दिवशी धुऱ्यावर जे निदान झालं ते तसं फार चुकीचं नव्हतं, असं मला आता वाटतं. नकार सगळे बरोबर होते. होकार देता येईल असा शब्दच कुणाकडे नव्हता.

तो शब्द तिसऱ्या दिवशी नागपुरात मिळाला. मधले दोन दिवस नस दबल्याचं इंजेक्शन घेण्यात गेले. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. मज्जारज्जू आडवा कापल्यासारखा दिसत होता आणि त्यात शेजारी शेजारी दोन पांढरे ठिपके. "याला घुबडाचे डोळे म्हणतात," ते म्हणाले, "काही जण सापाचे डोळेही म्हणतात." मज्जारज्जूच्या पुढच्या भागाचं रक्त थांबलं होतं. मेंदूत होतो तोच आघात, पाठीत झालेला. मी घरी घुबडाचं नाव काढलं नाही. सापाचंही नाही. सांगितलं असतं तर पोटऱ्या धुणारे दोघे जन्मभर ऐकवत राहिले असते.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली तालुक्यात, आसोलामेंढा तलावाच्या नहरावर. त्यामुळे डॉक्टरांनी कागदावर काढलेलं चित्र मला वैद्यकापेक्षा पाटबंधाऱ्याचं वाटलं. मज्जारज्जू जेमतेम पंचेचाळीस सेंटीमीटर लांब. त्याला वरून खाली पाणी देणारे तीन पाट: पुढून एक, मागून दोन. पुढचा एकटा पाट दोन तृतीयांश शेत भिजवतो. मागचे दोघे मिळून उरलेला तिसरा हिस्सा. गर्भात असताना या पाटांना जागोजागी पाणी घालणाऱ्या झऱ्यांच्या एकतीस जोड्या असतात. जन्मापर्यंत बहुतेक आटतात, आणि मोठ्या माणसात पुढच्या पाटाला मिळणारे मोजके सहा-आठ झरे उरतात. त्यातला सगळ्यात मोठा बहुतेकांना डाव्या बाजूने, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास शिरतो आणि केसातल्या आकड्यासारखं वळण घेतो. त्याला नाव आहे आदामकिएविच या पोलिश संशोधकाचं. १८८१-८२च्या सुमारास त्याने या रक्तवाहिन्यांचं बारीक वर्णन केलं. पुढे कर्करोगावर औषध सापडल्याचा दावा केला आणि तो त्याच्या अंगाशी आला. नाव राहिलं ते या धमनीमुळे.

वरचं पाणी वरच्या भागाला पुरतं, खालचा मोठा झरा खालच्याला. मधे, छातीच्या मागे, एक पट्टा असा की जिथे दोन्हीकडचं पाणी येता येता संपतं. नहरावरच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. त्याला टेलच्या शेताची गोष्ट माहीत असते. वर कुणी दार अडवलं, पाण्याचा जोर जरा कमी झाला, की पहिली भेग शेवटच्या बांधीला पडते. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने या मुलखात तलाव बांधले. त्यांची सगळी विद्या शेवटच्या बांधीपर्यंत पाणी कसं न्यायचं याचीच होती. शरीराने मात्र ती बांधी दैवावर सोडलेली दिसते.

पाट अडतो कशाने? महाधमनीच्या शस्त्रक्रियेत, रक्तदाब एकदम कोसळल्याने, वर्षानुवर्षांच्या रक्तदाब-मधुमेह-तंबाखूने आतून गंज चढल्याने. कधी ओझं उचलताना मणक्यांमधल्या चकतीचा कण रक्तवाहिनीत शिरतो, असंही मानतात. हवाईच्या समुद्रावर पहिल्यांदाच लाटांवर फळी घेऊन उतरलेल्या धडधाकट तरुणांचे पाय असेच गेल्याचं तिथल्या डॉक्टरांनी २००४ साली लिहिलं. ते फळीवर पालथे पडून पाठ मागे ताणत होते. मोठे बाबा चाळीस पावसाळे पुढे वाकले. त्या तरुणांचं आणि त्यांचं दुखणं एकाच फिल्मवर शेजारी लावता येईल, हे मला अजून विचित्र वाटतं. डॉक्टरांनी सिकलसेलबद्दलही विचारलं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला ते विचारावंच लागतं. कोयत्यासारख्या वाकलेल्या पेशी बारीक वाहिन्या तुंबवतात, आणि क्वचित का होईना, मज्जारज्जूच्याही. मोठे बाबांचं रक्त त्या बाबतीत साफ निघालं. खर्ऱ्याच्या बाबतीत ते काही बोललं नाही, पण डॉक्टर बोलले.

"दुर्मिळ आहे," हेही ते म्हणाले. सगळ्या पक्षाघातांमध्ये शंभरात एखाद-दुसरा. गाडीत बसल्यावर मी त्या शब्दाशी भांडत राहिलो. गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेत मेंदूविकारतज्ज्ञ योगेश्वर कलकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतले मृत्यू दोन वर्षं एकेक करून नोंदले. २०१५ साली ते छापून आलं. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं पक्षाघात, दर सात मृत्यूंमागे एक. ताप किंवा हिवताप निघेल अशी सगळ्यांची समजूत. आणि पक्षाघाताने गेलेली बहुतेक माणसं घरीच गेली होती. जिथे डोक्यातला आघातसुद्धा कुणी घरोघर जाऊन मोजेपर्यंत कुणाच्या ध्यानात नव्हता, तिथे पाठीतल्या आघाताला दुर्मिळ कुणी ठरवलं? भामरागडहून गडचिरोली सुमारे १८० किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि तालुका तुटतो. पलीकडच्या एखाद्या पाड्यावर कुणाचे पाय असेच धुऱ्यावर गेले असतील, तर त्याला खाटेवर घालून नाल्यापर्यंत आणलं असेल आणि नाला उतरायची वाट पाहिली असेल. घुबडाचे डोळे फिल्मवर दिसायला आधी फिल्म लागते.

आपली भाषाही इथे फारशी कामाला येत नाही. कणा ताठ, कणा मोडला, कणाहीन: मराठीला पाठीतलं फक्त हाड दिसतं. आतून जाणारी दोरी शाळेच्या पुस्तकात 'मज्जारज्जू' म्हणून भेटते आणि दहावीनंतर विसरली जाते. चंद्रपूर जिल्ह्यात पाठीच्या दुखण्याचा विषय निघाला की हटकून बाबा आमट्यांचं नाव येतं. मणके झिजल्याने त्यांना बसता येत नव्हतं. उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. तशा पाठीने ते १९८५ साली वरोऱ्याच्या आनंदवनातून भारत जोडो अभियानाला निघाले. गाडीत बिछाना टाकून कन्याकुमारीहून काश्मीरकडे. पण तेही दुखणं हाडाचंच. मोठे बाबांची सगळी हाडं जागच्या जागी होती. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर तरीही 'अस्थिव्यंग' लिहून आलं. त्यांनी ते वाचायला लावलं आणि विचारलं, "माहं कोन्तं हाड तुटलं?"

मला खरा चटका लागला तो दुसऱ्याच गोष्टीने. पुढचा पाट बंद पडला की हालचाल जाते आणि वेदना जाते, थंड-गरम जातं. मागचे दोन पाट वाहतेच असतात, म्हणून स्पर्श राहतो. पाय कुठल्या दिशेला आहे तेही डोळे मिटून सांगता येतं. नागपुरात डॉक्टरांनी घोट्यावर कंप पावणारा चिमटा टेकवला, मोठे बाबा म्हणाले, "गुणगुण होऊन रायली." त्याच पायाला सुई टोचली तर, "बोट लावलं का?" मोठ्या आईला हे शास्त्र कोण सांगणार. तिने घरी आल्यावर विटेचा शेक दिला. वीट पायाला लागलेली मोठे बाबांना कळली. ती भाजते आहे हे कळलं नाही. संध्याकाळी टाचेवर लिंबाएवढा फोड. तिने तो पाहिला आणि दोन दिवस त्यांच्या पायाला हात लावला नाही. शेवटी त्यांनीच सांगितलं, "लाव हात. तुहा हात समजते मले."

या आघातावर हमखास गुण देणारं औषध नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी, रक्तदाब सांभाळणं, लघवीची नळी, दर दोन तासांनी कूस बदलणं, आणि व्यायाम, जो करून घेणारा कंटाळतो तितका करणाराही कंटाळतो. सुरुवातीच्या दिवसांत बोट जरी हललं तर आशा धरायची. मोठे बाबांचा डावा अंगठा नवव्या दिवशी हलला. नंतर सात महिन्यांनी ते वॉकर धरून ओसरीच्या पायरीपर्यंत आले. पुष्कळ जण येतात, पुष्कळ जण येत नाहीत. मोठी आई याचं श्रेय कुलदैवताला देते. डॉक्टर कुणालाच देत नाहीत.

पुढच्या रोवणीला त्यांना खुर्चीत घालून धुऱ्यावर नेलं. नहराचं पाणी यंदा उशिरा आलं होतं आणि आमची बांधी शेवटचीच. त्यांनी पाय खाली सोडायला लावले. दोन्ही पाय चिखलात घोट्यापर्यंत गेले. बोटांमधून चिखल वर येत होता तो त्यांना कळत होता, तोंडावरून दिसत होतं. बराच वेळ ते तसेच बसून राहिले. बाया रोवत रोवत मागे सरकत आमच्यापर्यंत आल्या. मग त्यांनी मला हाक मारली.

"पोरा, पानी थंड आहे का रे?"

मी वाकून हात घातला. थंड होतं.