विणेकरी मागे चालतो

मास्तरकी करणाऱ्या माणसाला एक व्यसन हमखास जडते. आपल्या मागे चार माणसे चालत आहेत, असे त्याला वाटावे लागते. वर्गात ही हौस भागत नाही. वर्गातली मुले आपल्या मागे नसतात, हजेरीच्या मागे असतात!

माझी ही हौस भागते ती दर शनिवारी संध्याकाळी, आमच्या पेठेतल्या वाचनालयात. तिथे मी संतवाङ्मयावर बोलतो आणि तीस-पस्तीस माणसे ते ऐकतात. निवृत्त कारकून आहेत, शिक्षिका आहेत, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक सुपरवायझर आहेत, आणि माझे दोन-तीन जुने विद्यार्थी. ही माणसे परीक्षेसाठी येत नाहीत, हाच त्यांचा मोठा गुण. गोरोबाकाकांवरचे व्याख्यान संपले त्या दिवशी कोणीतरी म्हणाले, "सर, एकदा तेर दाखवा की आम्हांला!" मी अर्थातच हुरळलो. हल्ली मोबाइलवर ज्याचे चार चाहते असतात, तोही त्यांना घेऊन थेट लडाख गाठतो. मी तर नुसता धाराशिव जिल्ह्यात निघालो होतो.

श्रावणातला शनिवार-रविवार ठरला. एस.टी.ची बस प्रासंगिक करारावर घेतली. तेहेतीस माणसे आणि चौतिसावा मी. वेळापत्रक मी स्वतः तयार केले आणि छापून प्रत्येकाच्या हाती दिले. शनिवारी तुळजापूर, सात ते नऊ. मग नळदुर्ग. मुक्काम धाराशिवला. रविवारी सकाळी धाराशिवची लेणी, दुपारी तेर आणि परतीच्या वाटेवर परंडा. परंड्यासाठी तर मी वीस पानांचे टिपण काढले होते. विजापूरची प्रसिद्ध मुलूख-ए-मैदान तोफ मुळात 1549 साली अहमदनगरला ओतलेली, आणि 1632 साली ती विजापूरला गेली ती या परंड्याच्या किल्ल्यावरून. त्या रिकाम्या जागेसमोर उभे राहून काय काय बोलायचे, ते सारे पाठ होते. शिवाय कॉलेजच्या जिमखान्यातून एक शिट्टी मागून आणली. पुढारीपणाला आणखी काय लागते?

शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालो आणि सकाळी सोलापूर मागे टाकून तुळजापुरात उतरलो. तुळजापूरचे देऊळ चढून जायचे नाही, पायऱ्या उतरून जायचे. बालाघाटाच्या कुशीत ते खाली बसलेले आहे. एका बाजूला कल्लोळ तीर्थ, एका बाजूला गोमुख. गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेले आराधी, संबळाचा आवाज, हळदीकुंकवाचे सडे आणि न संपणारी रांग. ही देवी वर्षातून तीनदा सिंहासनावरून उठून पलंगावर निद्रेला जाते. मूर्ती चल आहे म्हणून हे घडते. ही माहिती मी महाद्वारापाशी सर्वांना दिली, घड्याळ पाहिले आणि म्हणालो, "नऊ वाजता बसपाशी!"

नऊला मी शिट्टी फुंकली. पाच मिनिटांत मंडळी जमली. मोजणीचे काम माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे होते. "चौतीस पूर्ण, सर!" तो म्हणाला. मला धन्य वाटले.

नळदुर्गला बोरी नदी भरून वाहत होती. हा किल्ला नदीला कवेत घेऊन बसला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, नदीवर दगडी बंधारा बांधला गेला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच एक महाल काढला. तो पाणीमहाल. पाऊस भरपूर झाला की बंधाऱ्यावरून पाण्याचे दोन लोट कोसळतात. त्यांना नर आणि मादी म्हणतात. डोक्यावरून नदी जाते आहे, समोर पाण्याचा पडदा आहे, आणि आपण आत कोरडे उभे आहोत! असे नवल साऱ्या महाराष्ट्रात विरळा.

मी मात्र त्या महालात उभा राहून मेडोज टेलरवर बोलत होतो. 1853 साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या कारभारात आला, तेव्हा टेलर इथे अधिकारी होता, त्याच्या ठगांवरच्या कादंबरीने 1839 सालीच इंग्लंडात त्याचे नाव गाजवले होते, वगैरे वगैरे. पाण्याच्या गर्जनेत माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. थोड्या वेळाने पाहतो तो मंडळी सुपरवायझरसाहेबांभोवती जमलेली. छत का गळत नाही, पाण्याचा दाब भिंत कशी सोसते, जादा पाण्याला वाट कुठून दिली आहे, हे ते हाताच्या खुणांनी समजावून सांगत होते. चाळीस वर्षे पाण्याशी झगडलेला माणूस तो! मीही मुकाट्याने मागे जाऊन उभा राहिलो आणि बरेच काही शिकलो. मंडळींचा पाय तिथून निघेना. वेळापत्रकातली दुपार तिथेच बुडाली.

बाहेर आल्यावर बुरुजाच्या सावलीत डबे उघडले. आमच्यातल्या सर्वांत वयस्क त्या माई. त्यांनी डबा काढताना पिशवीतून एक खण आणि नारळ बाहेर ठेवला. मी सहज विचारले, "माई, ओटी भरली नाहीत का?"

"नाही हो, सर. शेवटच्या वळणापर्यंत पोचले होते. तेवढ्यात तुमची शिट्टी ऐकू आली."

"मग थांबायचं नाही का?"

"तुमची वेळ झाली होती ना! माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा कशाला?"

बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरे झाले असते. मग शेजारच्या बाईंकडून कळले ते असे. भवानी ही त्यांची कुलदेवता. "पुढच्या वर्षी नक्की जाऊ," असे यजमान दरवर्षी म्हणत आले, आणि दोन वर्षांमागे ते गेले. माई सहलीला आल्या होत्या त्या ह्या एका ओटीसाठी. पाणीमहालासाठी नाही, मेडोज टेलरसाठी तर नाहीच नाही. सकाळची मोजणी बरोबर होती. चौतिसांतले चौतीस बसमध्ये होते. फक्त त्यांतल्या एकीची यात्रा मी दारातून परत आणली होती.

घास उतरेना. मी उभा राहून सर्वांची माफी मागितली आणि विचारले, "आता काय करायचं, तुम्ही सांगा." दोन वर्षे हे लोक माझे ऐकत होते. त्यांना काय वाटते, हे मी पहिल्यांदाच विचारत होतो! उत्तर तत्काळ आले. धाराशिवला जायची वाट तुळजापुरावरूनच. मुक्काम तिथेच करायचा आणि पहाटे चरणतीर्थाच्या वेळी माईंबरोबर सर्वांनी रांगेत उभे राहायचे. परंडा रद्द. माझ्या वीस पानांसाठी कोणीही हळहळले नाही.

धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत धावपळ झाली. काहींना सतरंजीवर निजावे लागले. पण पहाटे माई देवीपुढून बाहेर आल्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. पायरीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसले. त्या वेळी शिट्टी माझ्या खिशात होती. ती पुन्हा बाहेर निघाली नाही.

धाराशिवच्या लेण्यांत पोचायला साडेअकरा झाले. उस्मानाबाद हे निजाम मीर उस्मान अली खानाच्या नावावरून पडलेले नाव जाऊन 2023 साली जिल्ह्याला अधिकृतपणे धाराशिव हे जुने नाव मिळाले. गावाजवळच्या डोंगरात ही लेणी आहेत. आत पार्श्वनाथाची मूर्ती आहे. मुळात ती बौद्ध की जैन, हा पंडितांचा जुना वाद. कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापुरातल्या लेण्यांची कथा आहे आणि तिचा संबंध या लेण्यांशी जोडला जातो. एवढेच सांगून मी थांबलो. खांबांच्या त्या मोठ्या दालनात लोक अर्धा तास निवांत बसले. कोणी डोळे मिटले, कोणी कोरीव कामावरून बोटे फिरवली. माझे भाषण नसताना लेणे अधिक बोलते, हा शोध मला त्या दिवशी लागला.

शेवटी तेर. तेरणेकाठचे आज साधे दिसणारे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर त्याची नोंद आहे. इथले कापड गाड्यांत भरून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जाई. त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ हे मूळचे बौद्ध चैत्य. गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर वेचून जमवलेल्या वस्तूंतून इथले संग्रहालय उभे राहिले. इथे सापडलेली हस्तिदंती बाहुली इटलीतल्या पाँपेईत मिळालेल्या बाहुलीची बहीण शोभते.

पण आम्ही आलो होतो गोरोबाकाकांसाठी. समाधीपुढे सर्वजण बसले आणि म्हणाले, "सर, आता ती थापटीची गोष्ट सांगा." गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली. मुक्ताबाईने थापटी पाहून विचारले, हे काय? मडके कच्चे की पक्के, हे पाहण्याचे साधन. मग आम्हांलाही पाहा की! गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटी मारली. सारे गप्प बसले, नामदेव मात्र रुसले. हे मडके कच्चे, असा निकाल झाला.

ही गोष्ट मी वाचनालयात रंगवून सांगितली होती. तेव्हा मी थापटी धरणाऱ्याच्या जागी बसून बोलत होतो. तेरला मात्र माझा आवाज जरा चाचरला. डोक्यावर थापटी आदल्या दिवशीच बसली होती, नळदुर्गच्या बुरुजाखाली, एका म्हाताऱ्या बाईच्या सौम्य शब्दांनी.

आपल्याकडे माणसे जमवून वाट चालण्याची विद्या नवी नाही. वारकऱ्यांनी ती कित्येक शतके जोपासली आहे. दिंडी नीट पाहिली आहे तुम्ही? पुढे पताका असतात, मग टाळकरी. दिंडीचा प्रमुख जो विणेकरी, तो टाळकऱ्यांच्या मागे असतो. साऱ्यांच्या पाठी त्याला दिसतात. कोणाचा पाय अडखळला, कोण मागे राहिले, ते त्याला आधी कळते. मी संतवाङ्मय शिकवतो, पण ही साधी गोष्ट मला पुस्तकात दिसली नव्हती.

परतीच्या बसमध्ये मंडळींनी पुढच्या वर्षीचा बेतही ठरवून टाकला. परंडा बघायचाच, आणि तिथे सरांना पूर्ण वीस पाने बोलू द्यायची! मी कबूल झालो आहे. वेळापत्रक या खेपेला माई करणार आहेत.